कोकणात ट्रकवर पहिलं वर्ष: गाडी कुठली धरायची आणि पोरं कुठं फसतात

गेल्या महिन्यात आमच्या वाडीतला एक पोरगा हेवी लायसन्स घेऊन घरी आला आणि पेढा हातात देतादेताच बोलला, दादा आता बारा टायरवर चढव कुठेतरी. मी बोललो आधी मालक कोण ते सांग, गाडी नंतर बघू. त्याला काय ते पटलं नाय, तोंड पाडून गेला. पण मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केलेलं, गाडी बघून नोकरी धरली, मालक बघितला नाही, आणि त्याचे चटके पुढे बराच काळ बसले. म्हणून त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी लांजा तालुक्यातला, आधी चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या) गाडीवर क्लीनर, मग त्याच गाडीवर ड्रायव्हर, मग आंब्याची पिकअप, मग लाईनची दहा टायर असा फिरून आलेलो माणूस. तेव्हा जे सांगतोय ते पनवेल ते बांदा आणि वर चढणारे घाट एवढ्यापुरतंच धरा, पंजाबच्या रोडचं मला विचारू नका.

१. आधी लायसन्सचा घोळ मिटवा

हेवीसाठी वय २० पूर्ण लागतं आणि हातात चारचाकीचं लायसन्स निदान १ वर्ष जुनं लागतं. बरीच पोरं १८ ला बाईकचं काढतात आणि चारचाकीचं काढतच नाहीत, मग २० व्या वर्षी कळतं की अजून एक वर्ष थांबायचंय. तर चारचाकीचं आजच काढा.

मग सारथी पोर्टलवरून लर्निंगचा अर्ज, डॉक्टरकडून फॉर्म १ए, ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म ५, आणि लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येते. लर्निंग ६ महिने चालतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. आठवी पासची अट २०१९ ला गेली, तेव्हा शाळा सुटली म्हणून एजंट घाबरवत असेल तर त्याला सरळ सांगा की अट राहिलेली नाय.

फॉर्म ५ विकत मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. घेऊ नका असं मी सांगून कोण ऐकणार, पण निदान पंधरा-वीस दिवस खरोखरच्या मोठ्या गाडीवर बसा. मैदानात आठाचा आकडा काढणं वेगळं आणि दहा टन घेऊन हातखंब्याच्या उतारावर एसटीच्या मागे उभं राहणं वेगळं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. साध्या चारचाकीच्या लायसन्सवर ७५०० किलो ग्रॉस वजनापर्यंतची (गाडी आणि माल मिळून) मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ते पक्कं केलं. म्हणजे पिकअप, ४०७, छोटे टेम्पो. गाडीच्या आरसीवर ग्रॉस वजन लिहिलेलं असतं ते वाचा, मालकाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. ते मधलं एक वर्ष घरी बसून काढण्यापेक्षा पिकअपवर काढा, माझ्या मते ट्रकची खरी शाळा तीच आहे.

२. कोकणातलं कामाचं वर्ष आठ महिन्यांचं असतं, हे आधी समजून घ्या

देशावरच्या ड्रायव्हरला हे सांगावं लागत नाही पण आपल्याकडे सगळं पावसावर. चिरेखाणीत पाणी भरलं की चिरा बंद. जून-जुलैला मासेमारी बंद, म्हणजे मिरकरवाडा, हर्णै, मालवण सगळीकडच्या मच्छीच्या गाड्या उभ्या. आंबा मार्च ते मे, त्यानंतर पिकअपवाल्याला कुत्रं विचारत नाही. हे डोक्यात ठेवून काम निवडायचं.

चिरा, खडी, वाळू ही लोकल कामं. रोज घरी जेवायला, म्हणून आईला आवडतात. पण वजनाची सगळ्यात वाईट सवय इथेच लागते आणि रस्ते सगळे वाडीवस्तीतले, एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला गटार, वर फणसाची फांदी नायतर विजेची वायर. रिव्हर्स मात्र असा येतो की आयुष्यभर पुरतो. साईडपट्टीच्या तांबड्या मातीवर भरलेल्या गाडीचं चाक घालायचं नाही हे पण इथेच शिकाल, एकदा कलली की जेसीबीचं भाडं तुमच्या पगारातून. गावातल्या साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) तर भरलेली गाडी घालूच नका, खाली उतरून आधी बघा, कोणालातरी विचारा.

आंबा आणि मच्छी म्हणजे वेळेचं काम. संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि वाशी मार्केटला पहाटेच्या आत टेकवायच्या. उशीर झाला की बागायतदाराचा दर पडतो, तो मालकाला बोलतो, मालक तुम्हाला बोलतो, आणि ते सगळं तुमच्या पायातून अॅक्सिलेटरवर उतरतं. सीझनमध्ये पैसा बरा सुटतो पण सलग रात्री असतात. मच्छीच्या गाडीला आणखी एक, बर्फाचं पाणी रस्त्यावर गळलं की मागचा बाईकवाला आडवा होतो, तेव्हा खालच्या टाकीचा नळ बंद आहे ना ते निघताना बघा.

कंपनीची कामं म्हणजे लोटे, महाड, रोहा-धाटाव या एमआयडीसी, डोलवीचं स्टील, जयगड बंदर, आणि उरणचे कंटेनर. हे बारमाही आहे. कागद नीट, वजन बहुतेक नीट, पण गेटवर चार-चार तास थांबायचं, कधी रात्रभर. कॉईलच्या (पोलादी पत्र्याच्या गुंडाळ्याच्या) ट्रेलरवर पहिल्या वर्षी जाऊच नका, कॉईल सुटली की पहिली कॅबिनवर येते.

केमिकलच्या टँकरला पगार जास्त म्हणून पोरं पळत जातात. त्याला नुसतं हेवी चालत नाही, धोकादायक मालासाठी ३ दिवसांचं ट्रेनिंग करून लायसन्सवर नोंद घ्यावी लागते, आणि नियमात आपल्याकडची एक भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणं पण आहे. उगाच नाही ते, टँकरसोबत जे ट्रेम कार्ड देतात त्यावर गळती झाली तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. आणखी एक, अर्धा भरलेला टँकर वळणावर आतल्या मालासकट डुलतो, पूर्ण भरलेला तेवढा डुलत नाही. हे अंगात मुरायला दोन-तीन वर्षं भरलेल्या ट्रकवर काढायला लागतात.

लाईनची गाडी, म्हणजे नॅशनल परमिट, बाहेरच्या राज्यात. ती दुसऱ्या वर्षाला ठेवा. गोवा-मंगळूर साईडला जाणार असाल तर मालकाला कोकण रेल्वेच्या रोरोचं विचारा, १९९९ पासून चालू आहे. कोलाडला ट्रक रेल्वेच्या वाघिणीवर चढवायचा आणि वेर्ण्याला नायतर सुरतकलला उतरवायचा, ड्रायव्हर-क्लीनर गाडीसोबतच. चढवायच्या आधी उंची आणि वजन बघतात, ताडपत्रीचा डोंगर करून गेलात तर परत पाठवतील. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अख्खी रात्र कॅबिनमध्ये पाय पसरून झोपलो, गाडी पुढे जातेय आणि आपण झोपलोय हेच आधी पचत नव्हतं.

३. मालकाला विचारायचे प्रश्न

माझा उस्ताद सावंतवाडी साईडचा होता. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलेलं, "कागदार किती नि गाडयेत किती, तां आधी इचार." मी तेव्हा हसलो. आता माझ्या मते अख्ख्या धंद्यात ड्रायव्हरने विचारायचा एकच प्रश्न असेल तर तो हाच आहे, आणि तो पण नोकरी धरायच्या आधी. जो मालक यावर सरळ उत्तर देतो तो बाकीच्या गोष्टीत पण बहुतेक सरळ असतो. "तू नवीन आहेस, तुला काय करायचंय" असं उत्तर आलं की चहा पिऊन निघायचं.

बाकी काय विचारायचं ते सांगतो:

- पगार महिन्याचा की ट्रिपवर? भत्ता वेगळा का त्यातच? गाडी दुरुस्तीला उभी असेल त्या दिवसाचं काय?
- चलन आलं तर कोण भरणार? ओव्हरलोडचं, नो एन्ट्रीचं, आणि कागद संपल्याचं, तिन्ही वेगवेगळं विचारा.
- वराई (भरणी-उतरणीचा खर्च) आणि हमाली कोणाकडे? माल उतरवताना दोनशे-पाचशे करत तुमच्या खिशातून जातात आणि हिशोबाच्या वेळी मालक बोलतो पावती कुठाय.
- डिझेलचं अॅव्हरेज ठरवलंय का?
- क्लीनर देणार की एकटंच?

अॅव्हरेजवर थोडं सविस्तर सांगायलाच पाहिजे. मालक ठरवतो की लिटरला एवढे किलोमीटर, वाचलं तर तुझं, कमी पडलं तर पगारातून. ऐकायला बरं वाटतं. पण त्यामुळे होतं काय की पोरगं घाटात उतारावर गाडी न्यूट्रल करतं, दोन थेंब डिझेल वाचवायला. आणि गंमत म्हणजे वाचत काहीच नाही, आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर डिझेल बंदच होतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते पीत राहतं. म्हणजे जीव पण धोक्यात आणि डिझेल पण गेलं. घाटाच्या रूटवर अॅव्हरेजचा पगार असेल तर मी सरळ नाही बोलतो.

उचल घेऊ नका. घेतलीत तर वहीत दोघांची सही. मी पहिल्या मालकाकडे गणपतीला उचल घेतली आणि कोऱ्या व्हाउचरवर सही केली, शिमग्यापर्यंत ती फिटलीच नाही, कारण आकडा दर महिन्याला वेगळा निघायचा. लायसन्सची ओरिजिनल कॉपी तर मालकाकडे कधीच ठेवायची नाही, "जमा करून ठेव" बोलला तर झेरॉक्स द्या.

४. गाडी हलवायच्या आधी कागद

एका प्लास्टिकच्या फाईलीत, आणि फोटो मोबाईलमध्ये:

- लायसन्स
- आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, परमिट, टॅक्स, पीयूसी
- बिल, बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती), ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाईन कागद)
- चिरा, वाळू, खडी असेल तर वाहतुकीचा पास
- फास्टॅगमध्ये बॅलन्स

डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात पण घाटात रेंज नसते, तेव्हा आदल्या रात्री उघडून ठेवा. फिटनेस नवीन गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि मग दरवर्षी. तो संपलेला असताना अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करायला मोकळा.

ई-वे बिलात नवीन माणूस हमखास अडकतो. २०० किलोमीटरला १ दिवस अशी त्याची मुदत. रत्नागिरीहून मुंबईला निघालात आणि मध्ये दरड पडून गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बिल मेलं. मुदत संपायच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास एवढ्यातच ती वाढवता येते, आणि ते ट्रान्सपोर्टवाल्याला करायला लागतं, म्हणून अडकलात की लगेच फोन लावा, सकाळी बघू असं करू नका. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत भरला तर नवीन गाडीचा नंबर बिलात घातल्याशिवाय हलायचं नाही.

चिऱ्या-वाळूच्या पासवर वेळ छापलेली असते. एकाच पासवर दुसरी फेरी मार असं सांगणारे भेटतील. पकडणारा तिथे नुसता आरटीओ नसतो, तलाठी-तहसीलदार पण असतात, आणि मग गाडी तहसीलच्या आवारात आठवडे उभी. मालक म्हणणार मला माहीतच नाही, ड्रायव्हरने परस्पर मारली फेरी.

५. वजन

माझी गोष्ट सांगतो. पहिलंच वर्ष, ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस होऊन गेलेला, खाणीवर चिरा भरला. रोजच्याएवढेच नग, मोजून. क्लीनर बोलला गाडी जड वाटतेय, मी बोललो चल रे. चढावर दुसऱ्या गिअरला सुद्धा रडायला लागली. पुढे नाक्यावर काट्यावर घेतली तर जवळजवळ ३ टन वर. नग तेवढेच मग वजन कसं वाढलं? जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन बसलेला. नगावर भरलं की पावसानंतर कधी पण वर जातं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मालकाला मात्र नक्की माहीत होतं.

मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमाखाली ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या दर टनाला २,०००. म्हणजे ३ टनाला २६,०००, वर जादा माल तिथेच उतरवायचा आणि तो खर्च वेगळा. तुमचं लायसन्स ३ महिने सस्पेंड होऊ शकतं ते निराळंच. मालकाला दुसरा ड्रायव्हर मिळतो, तुम्हाला दुसरं लायसन्स नाही मिळत.

२०१८ ला सरकारने वजनाची मर्यादा वाढवली, सहा टायरला ग्रॉस १८.५ टन, दहा टायरला २८.५ टन. पण जुन्या गाडीच्या आरसीवर जुना आकडा असेल तर तुम्हाला तोच लागू, "आता वाढलंय रे" असं कोणी बोललं तरी आरसी काढून बघा. आणि हे आकडे गाडी, माल, डिझेल, तुम्ही, तुमचा डबा सगळं धरून आहेत.

भरलेल्या चिऱ्यावर कामगार बसवून नेणं तर आपल्याकडे इतकं सर्रास आहे की कोणाला त्यात काही वाटतच नाही. नका नेऊ. मालाच्या गाडीत माणसं नेली तर लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, आणि काही झालं तर त्यांच्या भरपाईवरून इन्शुरन्स कंपनी भांडत बसते. ते तुमच्याच गावातले असतात, उद्या त्यांच्या दारावरून जायचं असतं.

६. घाट

कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली. आमच्या भागातून देशावर जायचं तर बहुतेक यातलाच एक लागतो. चढायला गाडी शिकवते, उतरायला उस्ताद लागतो.

पहिल्यांदा आंबा घाट उतरलो तेव्हा कोल्हापूरकडून साखर भरून आलेलो. उस्ताद बाजूला. चौथ्या गिअरला, पाय सतत ब्रेकवर, मला वाटलं काय सुरेख उतरतोय. अर्ध्यावर जळक्या रबरासारखा वास यायला लागला. उस्ताद काही बोलला नाही, हाताने फक्त खुणावलं की पुढच्या रुंद जागेत घे. उतरून बघतो तर डाव्या मागच्या ड्रममधून निळसर धूर. मी कॅन उचलला पाणी मारायला तर ओरडला, "झिला, पाणी ओतू नको, ड्रम फुटतलो." चाकाला दगड लावून पाऊण तास उभे. त्याने तेवढ्यात डबा काढून भाकरी खाल्ली, मला घास उतरत नव्हता.

तर नियम साधा आहे. ज्या गिअरला चढली असती त्याच गिअरला उतरवायची, एखादा खालचा चालेल. गिअर उतार चालू व्हायच्या आधी पाडायचा, मध्ये पाडायला गेलात आणि नाही पडला तर न्यूट्रलमध्ये अडकलात. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग पाडणारा) चालू ठेवायचा. ब्रेक सतत घासत न ठेवता दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. ब्रेकच्या हवेच्या काट्यावर नजर, प्रेशर पडत चाललं की थांबायचं, लाईट लागायची वाट बघायची नाही. इंजिन बंद करून तर कधीच उतरवायची नाही, हवा बनायची थांबते आणि स्टेअरिंग दगड होतं.

सकाळी निघताना हवेच्या टाकीतलं पाणी सोडा. आपल्याकडे दमट हवेमुळे टाकीत पाणी भरपूर साठतं. दोन मिनिटांचं काम, ५० पैकी ४५ जण करत नसतील.

७. पावसाळा

२ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवरचा जुना पूल रात्री वाहून गेला, एसटीसकट माणसं गेली. तेव्हापासून जुन्या पुलावर पाणी वर आलेलं दिसलं की मी थांबतो, मागचे किती पण हॉर्न मारूदेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं तेव्हा पण सखल जागेत लावलेल्या गाड्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. पार्किंग कायम उंचावर. नदीकाठचा ढाबा कितीही भारी असला तरी जुलैत नको.

परशुराम घाटात दरडीमुळे वाहतूक थांबवतात, वरंधा घाट पावसाळ्यात अवजड गाड्यांना बंद करतात, करूळ तर कामासाठीच कितीतरी महिने बंद होता. निघायच्या आधी समोरून आलेल्या ड्रायव्हरला विचारा, फोनवरचा नकाशा आंबोलीच्या धुक्यात काही सांगत नाही. डोंगरातून बारीक खडे सुटून टपटप रस्त्यावर यायला लागले की तिथे थांबून बघत बसायचं नाही, सुरक्षित असेल तर पुढे नायतर मागे.

सोबत ठेवा: जॅक, टॉमी, पाने, लाकडी ठोकळे दोन, चांगला टॉर्च, लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण, जादा बल्ब आणि फ्यूज, रस्सा, फाटकी नसलेली ताडपत्री, २० लिटर पाण्याचा कॅन, गमबूट, रेनकोट, फर्स्ट एडचा डबा. बीएस-६ गाडी असेल तर धूर साफ करायच्या युरियाचा कॅन पण, तो संपला की गाडी ओढ सोडते आणि दर पंपावर मिळेलच असं नाही.

८. झोप आणि बाकीचं

पहाटे २ ते ५ ही वेळ वाईट. चहा, तंबाखू, गाणी काही कामाचं नाही, डोळा लागायचा तो लागतोच. वीस मिनिटं बाजूला लावून झोपा. दारूबद्दल काय सांगायचं, पहिल्यांदा पकडलं तर १०,००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, नायतर दोन्ही, आणि मालकाच्या वहीत कायमचं नाव खराब.

९. अपघात झाला तर

जखमीला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं हे ड्रायव्हरवर कायद्याने बंधनकारक आहे. १०८ अॅम्ब्युलन्स, ११२ पोलीस, हायवेला १०३३, तिन्ही नंबर कॅबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावा कारण त्या वेळी हात थरथरतात आणि मोबाईल नीट दाबता येत नाही. माणसं मारायला धावली तर गाडी सोडून रानात पळू नका, जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन स्वतः हजर व्हा. फोटो काढा. मालक आधी बोलेल कोणाला काही सांगू नको, त्याचं ऐकायचं नाही.

आणि स्वतःचा विमा. बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत होतो, अपघाती मृत्यूला २ लाख. चहा-वडापावपेक्षा स्वस्त आहे, आजच करा.

१०. पुढे काय

वर्ष झालं की फायनान्सवाला तुम्हाला शोधत येतो. स्वतःची गाडी घे, मालक हो. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या पण नाही. हप्ता बारा महिने येतो आणि भाडं आठ महिने, वर सांगितलं तेच. आमच्या पंचक्रोशीत आंब्याचा एक सीझन चांगला गेला म्हणून पिकअप घेतलेल्या आणि पुढच्या ऑगस्टात ओढून नेलेल्या गाड्या मी बघितल्यात. चार पावसाळ्यांचा हप्ता बाजूला काढता आला तर विचार करा.

एसटीच्या भरतीत अवजड गाडीचा अनुभव मागतात, म्हणून मालकाकडून अनुभवाचं पत्र दरवर्षी घ्या, नोकरी सोडल्यावर कोण देत नाही. गल्फला जायचं असेल तर एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का ते ईमायग्रेट या सरकारी वेबसाईटवर बघा, त्याला सर्व्हिस चार्ज ३०,००० आणि वर जीएसटी एवढाच घेता येतो. दीड-दोन लाख मागणारा भेटेल, आणि तो बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. दहावी नापास असाल तर पासपोर्टवर ईसीआर येतं, मग जायच्या आधी परवानगी लागते, ती न घेता व्हिजिट व्हिसावर पाठवतो बोलला तर परत फिरा.

११. गणपतीत गाडी कुठे उभी करायची

हे सगळे विसरतात म्हणून वेगळं लिहितोय. दरवर्षी गणपतीला मुंबई-गोवा हायवेवर अवजड गाड्यांना बंदी लागते, साधारण १६ टन आणि त्यावरच्यांना, दूध, पेट्रोल, गॅस, औषधं, भाजी असल्या मालाला सोडतात. तारखा आणि वेळा आधी जाहीर होतात आणि येताना-जाताना दोन्ही वेळच्या असतात, दीड दिवसाच्या नि गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या वेळा पण धरून. जाहीर झालं की त्याच दिवशी मालकासोबत बसून शेवटची ट्रिप कुठली ते ठरवा. नाहीतर बंदी लागायच्या तासाभर आधी वडखळला अडकता, पोलीस बाजूला लावायला सांगतात आणि पुढचे दोन-तीन दिवस समोरून अख्खी मुंबई कोकणात जाताना बघत ढाब्यावरचं अंड खात बसता. मी एक वर्ष तसा बसलोय. घरून फोन आला, आरती चालू होती, मागे झांजांचा आवाज येत होता आणि आई विचारत होती किती वाजता पोचतोस, मोदक झाकून ठेवू का.